म्हातारीचा पाटा

तो मेसेज काकूंनी स्वतःच्या हाताने लिहायचं ठरवलं, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. काकांना लिहू दिला असता तर पानभर झाला असता, कुणी वाचला नसता, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण काकूंचं मत असं की बोलणं असो, लिहिणं असो, माणसाने नेमकं तेवढंच म्हणावं. जास्त शब्द वापरतो त्याच्या मनात खोट असते. (काका फार बोलतात.)

मेसेज होता पाट्याचा. त्याआधी गाडीचं सांगायला पाहिजे.

काका-काकूंचा धंदा खुर्च्या, टेबलं आणि सतरंज्या भाड्याने देण्याचा. सामान पोचवायला एक जुनी पिकअप गाडी. इतकी जुनी की ती बनवणाऱ्या कंपनीलाच आता आठवत नसेल. काका तिला लाडाने ‘म्हातारी’ म्हणत. काकूही म्हातारीच म्हणत, पण लाडाने नाही.

ही म्हातारी काकांनी उंच करून घेतली होती. मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा गड्याची गाडी नदीतून, दगडांवरून, झाडाच्या बुंध्यावरून जाताना बघितली आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आमच्या गल्लीत नदी नाही. दगड आहेत, पण ते लोकांनी गाड्या लावू नयेत म्हणून ठेवलेत. तरी काकांनी गाडीचा सांगाडा चाकांपासून चांगला हातभर वर उचलून घेतला. स्वतःची उंची आता वाढायची नाही म्हणून गाडीची वाढवली, असं काकू म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. झालं असं की गाडीत खुर्ची चढवायची तर आधी दुसऱ्या खुर्चीवर चढावं लागे. सतरंज्या खालून वर फेकाव्या लागत, आणि निम्म्या पलीकडच्या बाजूने खाली पडत. पण काका त्या उंच सीटवर बसून गल्लीतून जायचे तेव्हा त्यांचा चेहरा असा व्हायचा, की काकूंनी फार ताणून धरलं नाही.

मग मागचा पाटा तुटला. पाटा म्हणजे चाकाच्या वर लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधून वाकवलेल्या असतात ना, तो. सगळा भार तोच पेलतो. तो मोडला आणि म्हातारी मागून एका अंगाला बसली, लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखी.

मिस्त्रीने खाली शिरून बघितलं आणि बाहेर येऊन मान हलवली. हा पाटा आता कुठेच मिळत नाही म्हणाला. एक तर गाडी जुनी, त्यात उंच केलेली, त्यामुळे लागतो तो जास्त वाकाचा आणि लांब. काका रोज भंगारबाजार पालथा घालायचे आणि संध्याकाळी दुसरंच काहीतरी घेऊन यायचे. एकदा स्टिअरिंगचं कव्हर आणलं. एकदा दुसऱ्याच गाडीचा आरसा आणला, स्वस्त होता म्हणून. पाटा काही येईना.

एरवी काकूंनी गाडी गेली खड्ड्यात म्हटलं असतं. पण लेक आणि जावई नव्या घरात राहायला जाणार होते, आणि त्यांचं सामान विहीणबाईंच्या घरून हलवायचं होतं. विहीणबाई भाड्याचा टेंपो सांगायला निघाल्या, तेव्हा काकू चार माणसांत म्हणाल्या होत्या, "घरची गाडी दारात असताना भाड्याचा टेंपो? आमची काय अब्रू?" विहीणबाई म्हणाल्या होत्या, "जमेल ना नक्की?" हे ‘नक्की’ त्यांनी असं काही उच्चारलं होतं की तेव्हापासून काकूंच्या कानात कुसळ अडकल्यासारखं झालं होतं. विहीणबाई बँकेत होत्या. बोलायच्या मऊ, पण त्यांच्यासमोर बसलं की आपला अर्ज नामंजूर होणार असं वाटायचं. त्यांच्या दारात सामान बांधून ठेवलेलं आणि गाडीच आली नाही, तर काकूंचं नाक कापलंच म्हणायचं. आणि काकूंचं नाक ही त्या घरातली सगळ्यात जपलेली वस्तू होती.

म्हणून सामान हलवायला दोन दिवस उरले तेव्हा काकूंनी मोबाइल हातात घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं:

‘जुना पाटा पाहिजे. दणकट हवा. लवकर.’

काका मागून वाकून बघत होते. म्हणाले, गाडीचा असं तरी घाल. काकू म्हणाल्या, गाडी आपल्या दारात मोडून पडलीय, मग पाटा काय माणसाचा मागणार? कळतं सगळ्यांना. आणि पाठवला.

थोड्या वेळाने फोन वाजला. विहीणबाईंचा होता.  विहीणबाई ग्रुपवर नव्हत्या, म्हणजे हे नणंदेचं काम. नणंदेच्या पोटात काही राहत नाही, जेवणसुद्धा. गाडी मोडल्याचं कळलं आता, संपलं, असं म्हणत काकूंनी फोन कानाला लावला.

"पाटा पाहिजे म्हणे तुम्हाला," विहीणबाई म्हणाल्या.

"पाहिजे," काकू म्हणाल्या. "आता कळलंच आहे तर लपवून काय करू."

"लपवायचं काय त्यात. पण एवढ्या वर्षांनी एकदम पाट्याची आठवण?"

"आठवण कसली. म्हातारी बसलीय ना."

 काकूंची सासू त्यांच्या धाकट्या दिराकडे राहते, हे विहीणबाईंना माहीत होतं. इकडे कधी आली, असं त्या मनात म्हणाल्या असतील.

"बसल्यात म्हणजे?"

"बसलीय म्हणजे पार बसलीय. मागून. उठायचं नावच नाही. हे रोज सकाळी जाऊन हात फिरवतात, तेल घालतात, काही उपयोग नाही."

"अगं बाई. आणि पाटा आला की उठतील?"

(काकूंना वाटलं, काय ही माणसं, गाडीलासुद्धा अहोजाहो करतात. घरंदाजपणा म्हणतात तो हा.)

"पाट्यावरच अडलंय सगळं. एरवी किती प्यायची. आता कित्येक दिवसांत थेंब नाही पोटात."

"प्यायच्या?"

"विचारू नका. चढ लागला की तर जास्तच."

विहीणबाईंचा आवाज अजून हळू झाला. "दुसरं काही चालत नाही का त्यांना? हल्लीचं?"

"हल्लीचं काही लागत नाही तिला. जुनाच पाहिजे."

"आता म्हातारपणी मन असं एखाद्या गोष्टीत अडकतं खरं," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्याकडे आहे एक. माझ्या सासूबाईंच्या वेळचा. चांगला दणकट आहे. वापरून वापरून गुळगुळीत झालाय, तेवढी टाकी लावून घ्यावी लागेल."

"टाकी आमच्याकडे आहे. तुम्ही फक्त पाटा द्या."

"येते का लावता कुणाला?"

"मिस्त्री कशाला ठेवलाय मग."

"बरं. मग उद्या मीच घेऊन येते. पण तुमची ही अशी अडचण, परवाचं सामान राहू दे हवं तर."

इथे काकूंचं नाक फुललं. "राहू कशाला दे? पाटा मिळाला की म्हातारीच येईल. तुमचं कपाट, पलंग, सगळं एका खेपेत पाठीवर घेऊन जाईल."

 यावर विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही पण जरा पडा. फार ताण घेऊ नका."

फोन ठेवून काकू अंगणात आल्या आणि त्यांनी मिस्त्रीला हुकूम सोडला की पाट्याची सोय झाली, जुना काढून ठेव. मिस्त्री जपून वागणारा. कुठल्या गाडीचा आहे, मॉडेल कोणतं, काही विचारलं का म्हणाला. काकू म्हणाल्या, जुना आहे, दणकट आहे, त्यांच्या सासूबाईंचा आहे.

"सासूबाई ट्रक चालवायच्या?" मिस्त्रीने विचारलं.

काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आडवा होऊन गाडीखाली गेला. काका मात्र भारावून गेले. विहीणबाईंच्या घराबद्दल आपण उगाच वाईट मत करून घेतलं होतं म्हणाले. संध्याकाळपर्यंत म्हातारीची मागची चाकं काढून झाली, दोन्ही पाटे सुटे झाले, आणि ती लाकडी ठोकळ्यांवर आणि साखळीच्या कप्पीला अशी मागून टांगलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेचे यजमान स्कूटरवर आले. स्कूटरचं पुढचं चाक जवळजवळ हवेत होतं, कारण मागच्या सीटवर काहीतरी पोत्यात बांधलेलं होतं आणि ते खूप जड होतं. "पाटा," ते घाम पुसत म्हणाले. "हिने पाठवलाय. नको म्हणू नका, परत न्यायचं त्राण नाही माझ्यात."

काकांनी आणि त्यांनी मिळून पोतं उतरवलं, सोडलं. आत काळा, चौकोनी, मधे खोलगट झालेला दगड. वाटणाचा पाटा. बरोबर वरवंटा.

 मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला, उकिडवा बसला, पाट्यावरून त्याने बोट फिरवलं.

"काकू," तो म्हणाला, "हा बसवतो मी कसातरी. पण वरवंटा कुठे लावू?"

 काकू खुर्चीवर बसल्या (दारात खुर्च्यांची कमी नव्हती) आणि कालचं फोनवरचं बोलणं मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायला लागल्या. पाट्याला टाकी लावतात म्हणजे छिन्नीने टोचे मारून तो खरखरीत करतात, हे काकूंना माहीत नव्हतं असं नाही. जन्म गेला होता. पण माणसाचं डोकं एकदा गाडीखाली शिरलं की टाकी म्हटल्यावर डिझेलचीच दिसते. मागून बसलीय. तेल घालतात. चढ लागला की जास्त पिते. कपाट पाठीवर. एकेक वाक्य आठवत गेलं तसा काकूंचा चेहरा उतरत गेला. शेवटी पाण्याचा तांब्या त्यांनी तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही.

विहीणबाईंना वाटतंय की आपली सासू, ती पिणारी म्हातारी, पाट्यावरच्या वाटणासाठी अन्नपाणी सोडून बसलीय. आणि तो पाटा घेऊन त्या निघाल्यासुद्धा असतील.

काका म्हणाले, फोन करून सरळ सांगून टाक, हसतील आणि सोडून देतील. पण काकूंच्या डोळ्यांसमोर ते हसणं उभं राहिलं. विहीणबाई मोठ्याने हसायच्या नाहीत. नाकातून थोडासा वारा सोडायच्या. त्या वाऱ्यापेक्षा काकूंना वादळ चाललं असतं. वर गाडी मोडल्याचं कळणार ते वेगळंच. आत्तापर्यंत ते कळलेलंच नाही, हाच एक फायदा झाला होता, आणि हातातला फायदा सोडणारी बाई ती नव्हे.

त्यांनी गाडीवर मोठी ताडपत्री टाकून घेतली, मिस्त्रीला ताडपत्रीआडच बस म्हणून बजावलं, नणंदेच्या यजमानांना मागच्या दाराने वाटेला लावलं, आणि काकांना समोर उभं करून सांगितलं, "विहीणबाईंसमोर गाडी हा शब्द काढायचा नाही. काय?"

काका म्हणाले, नाही काढणार.

विहीणबाई भाड्याच्या टेंपोतून आल्या. टेंपोवाल्याने आणि त्याच्या जोडीदाराने पाटा आत आणून ठेवला. खानदानी चीज, उशाच्या बाजूला नक्षी कोरलेली. विहीणबाईंनी बरोबर एक शाल आणली होती, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी, मागून बसलेल्या माणसाला शेकायला. ते बघून काकूंना क्षणभर खरंच लाज वाटली. क्षणभरच.

"कुठे आहेत त्या?" विहीणबाईंनी हळू आवाजात विचारलं. "माझ्या हाताने दाखवते त्यांना."

"बाहेर गेल्यात," काकू म्हणाल्या. "फिरायला."

"काल तर उठत नव्हत्या."

"पाटा येतोय म्हणून कळलं. उठल्या."

"आणि चालायला लागल्या?"

"लागल्या."

विहीणबाईंनी पाट्याकडे बघितलं, मग वाकून त्याला हळूच हात लावला. इतकी वर्षं आपल्या घरात हे काय पडून होतं, असा त्यांचा चेहरा. काकूंना वाटलं, जमलं. चहा दिलाच आहे, आता शाल ठेवून घ्यावी आणि दारापर्यंत पोचवावं.

तेवढ्यात काका आत आले. मिस्त्रीचा निरोप होता, आणि गाडी शब्द काढायचा नव्हता. काका दिलेल्या शब्दाचे पक्के.

"अगं," ते म्हणाले, "म्हातारीला अजून टांगलेलीच ठेवायची का? मिस्त्री विचारतोय. खालून सगळी उघडी पडलीय, गंज धरेल."

विहीणबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. बशीवर ठेवला तरी आवाज झाला नाही, इतक्या हळू.

काका पुढे म्हणाले, "हातोडीने ठोकून बघू का म्हणतोय, एका बाजूने."

"कुणाला टांगलंय?" विहीणबाई म्हणाल्या.

  विहीणबाई उठल्या आणि अंगणाच्या दाराकडे निघाल्या. ताडपत्रीखाली काहीतरी मोठं, वाकडं, टांगलेलं दिसत होतं आणि त्याच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. (मिस्त्रीचे.) विहीणबाईंनी एका हाताने दाराची चौकट धरली.

आणि त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली, आणि तीतून काकूंची सासू उतरली.

झालं असं होतं की नणंदेने तो मेसेज आणि त्यावरची विहीणबाईंची हकीकत आपल्या आईलाही कळवली होती. थोरल्या सुनेने तुझ्यासाठी पाटा मागवलाय, अगदी विहिणीकडून. सासूबाई धाकट्याकडे राहायला गेल्याला किती वर्षं झाली ते कुणी मोजत नव्हतं. भांडण मिठावरून झालं होतं. मीठ जास्त होतं की कमी, हे आता दोघींनाही आठवत नव्हतं, आपण बरोबर होतो एवढं आठवत होतं. पण सुनेने आपण होऊन पाऊल उचललंय म्हटल्यावर सासूबाईंनी जास्त विचार केला नाही. ट्रंक भरली आणि रिक्षा बोलावली.

रिक्षावाल्याने ट्रंक उतरवली. मग गाठोडं उतरवलं. मग एक घडीची खाट.

विहीणबाईंनी सासूबाईंकडे बघितलं, सामानाकडे बघितलं. "फिरायला गेला होतात ना?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी काकूंकडे बघितलं. या सुनेचा चेहरा त्यांना पाठ होता. त्यावर राग बघितला होता, हट्ट बघितला होता, मीठ बघितलं होतं. पण ‘सांभाळून घ्या’ असं त्यावर कधी लिहिलेलं नव्हतं. आज ते मोठ्या अक्षरात होतं, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

"फिरायलाच," सासूबाई म्हणाल्या. "या वयात बाहेर पडलं की सगळं बरोबर असलेलं बरं."

"आणि म्हातारीला टांगलंय म्हणतात, ते काय आहे?"

"माझी गोधडी वाळत घातली असेल. जुनी झालीय, म्हणून तिलाही हा म्हातारीच म्हणतो." मुलाकडे त्यांनी एकच नजर टाकली. काकांनी मान डोलावली. गोधडीला गंज कसा धरतो, असं विहीणबाईंनी विचारलं नाही. बँकेत इतकी वर्षं काढलेलं माणूस कुठे सही करायची आणि कुठे थांबायचं ते ओळखतं.

सासूबाई घरात आल्या, सगळ्यात चांगली खुर्ची बघून बसल्या, शाल खांद्यावर घेतली, रबरी पिशवी मांडीवर ठेवली आणि पाट्याकडे बघून म्हणाल्या, "आता बरं वाटतंय मला. आता काही मी इथून हलायची नाही."

काकूंनी ते ऐकलं. त्यातलं ‘काही’ आणि ‘हलायची’ दोन्ही नीट ऐकलं. पण विहीणबाईंचे डोळे पाणावले होते आणि त्या काकूंचा हात हातात घेऊन म्हणत होत्या की हल्लीच्या काळात सासूसाठी एवढं कोण करतं. नाक शाबूत होतं. नुसतं शाबूत नव्हे, चांगलं इंचभर वाढलं होतं. काकू म्हणाल्या, आपलं कर्तव्यच आहे.

विहीणबाई जाताना म्हणाल्या, मग उद्या सकाळी गाडीची वाट बघते.

त्यांचा टेंपो वळणाआड गेला आणि काकूंनी ताडपत्री ओढली. आता म्हातारीकडे जाडजूड दगडी पाटे दोन होते आणि मोडक्याच्या जागी बसेल असा लोखंडी एकही नव्हता. उद्या सकाळी गाडी कशी उभी करायची, ते सांग, काकूंनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्रीने काकांकडे बघितलं. काकांनी आकाशाकडे बघितलं.

"काय आहे ते बोल," काकू म्हणाल्या.

मिस्त्री म्हणाला, उंची काढून टाकली तर साधा पाटा बसतो. चौकातल्या दुकानात पडलेले आहेत, हवे तेवढे.

"हे पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"काकांनी सांगितलं होतं, सांगू नको म्हणून."

यावर काकू काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. निम्मं गल्लीने ऐकलंच आहे, उरलेलं काकांनी एकट्याने ऐकलं. सासूबाई खुर्ची अंगणात आणवून बसल्या होत्या, आणि मधे मधे मुलाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगून काकूंना शब्द पुरवत होत्या. उंचीसाठी घातलेले लोखंडी ठोकळे एकेक करून बाहेर आले. काकांनी ते फडक्याने पुसले आणि ओळीने भिंतीशी मांडून ठेवले. चौकातून साधे पाटे आले, बसले, चाकं चढली. दिवस मावळायच्या आत म्हातारी इतर गाड्यांसारखी जमिनीवर उभी राहिली. काका एकदा तिच्याभोवती फिरले आणि आत जाऊन जेवणाआधीच झोपले.

दुसऱ्या दिवशी सामान हललं. घरच्या गाडीतून, एका खेपेत, वेळेवर. गाडी आता बुटकी झाल्यामुळे सासूबाई कुणाचा हात न धरता पुढच्या सीटवर चढल्या. त्यांच्या शेजारी विहीणबाई बसल्या. चालवायला काका. पुढे जागा संपली, म्हणून काकू मागे, कपाट आणि पलंगाच्या मधे, हातात आरसा धरून उभ्या राहिल्या. रस्त्याने जाणारे लोक त्यांच्याकडे बघत होते. त्या आरशातून स्वतःकडे बघत होत्या. मोठा विजय होता, पण फार हादरे बसत होते.

नव्या घरात विहीणबाईंनी येईल त्याला सासू-सुनेची गोष्ट सांगितली. लेकीने आईला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, खरं काय आहे. काकू म्हणाल्या, आपल्या घरातलं कपाट लाव आणि गप्प बस.

त्यानंतर सासूबाईंना मिक्सरचा आवाज सहन होईना. जो मान ठेवून पाटा आणलाय तो मान राहिला पाहिजे, असं त्या म्हणत. मिस्त्रीने दोन्ही पाट्यांना टाकी लावून दिली, हसू दाबत. काकू रोज सकाळी वाटत, आणि सासूबाई समोर बसून, बारीक, अजून बारीक, एवढंच म्हणत. काकूंना उलट बोलायची सोय राहिली नव्हती. साऱ्या नात्यात त्यांचं नाव झालं होतं. विहीणबाई सारख्या फोन करून चौकशी करत, आणि फोन सासूबाईच उचलत.

असाच एकदा धाकट्या जावेचा फोन आला. सासूबाई तिच्याकडून इकडे आल्यापासून जाऊ इतकी गोड बोलायला लागली होती की काकूंच्या दातांना कळ यायची. फोन ठेवून सासूबाई म्हणाल्या, "आत्याबाई येतायत."

आत्याबाई म्हणजे सासूबाईंची नणंद. वयाने मोठी, कानाने कमी, जिभेने पूर्ण. तीही इतके दिवस धाकट्याकडेच होती.

"कशाला?" काकू म्हणाल्या.

"मी आल्यापासून तिला तिकडे करमत नाही. म्हटलं, ये. आमच्याकडे दोन पाटे आहेत."

काका आनंदाने उठले. म्हणाले, मीच आणतो तिला, गाडी आता ठणठणीत आहे, चढायलाही सोपी. आणि किल्ली शोधायला लागले.

काकूंनी हातातला वरवंटा खाली ठेवला. त्या अंगणात गेल्या, मिस्त्री विसरून गेलेला मोठा पाना त्यांनी उचलला, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. आडव्या होऊन म्हातारीच्या खाली शिरल्या आणि पाट्याचा पहिला नट धरला.

काका धावत बाहेर आले, खाली वाकून काय करतेस, काय करतेस म्हणायला लागले.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. "खोलू दे रे तिला," त्या म्हणाल्या. "आत्याबाई रिक्षात बसल्यात केव्हाच्या."